उंदराची वडी आणि गव्हाणी घुबड

दशलक्षण पर्व संपून आठ दिवसही झाले नव्हते. दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरामागच्या भिंतीशी गव्हाणी घुबड मरून पडलेलं दिसलं. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा, अंगावर जखम नाही. ते कशानं मेलं हे मी सांगू शकत नाही, कोणी तपासलं नाही. पण माळ्यावर उंदरांसाठी निळ्या वड्या मीच ठेवल्या होत्या. पाणी गाळून पिणाऱ्या घरात! उंदीर 'आपोआप' मरतो, आपण मारत नाही, अशी मनाची समजूत घातली होती.

या वडीचा इतिहास मात्र गोठ्यातून सुरू होतो. 1920 च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी लागलेला क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावानं मरू लागली. 1933 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड आणि डबाभर न गोठणारं रक्त घेऊन कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारात आला. त्या रक्तामागचं द्रव्य शोधायला लिंकच्या प्रयोगशाळेला वर्षं लागली. त्यातूनच पुढं 1948 मध्ये वॉर्फरिन हे उंदरांचं औषध बाजारात आलं. 1954 पासून तेच माणसांना रक्त पातळ करायला मिळू लागलं. माझ्या सासूबाई हृदयाच्या झडपेसाठी रोज घेत ती गोळी हीच. डॉक्टर दर महिन्याला रक्त तपासून घेत, मात्रा इकडची तिकडं होऊ देत नसत. माळ्यावर मात्र मोजमाप कोण करतो?

काही उंदरांना वॉर्फरिन बाधेना, तेव्हा त्याहून जहाल वड्या आल्या. ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकम ही त्यांतली नावं. उंदीर लगेच मरत नाही. तीन-चार दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, तोवर आणखी वडी खातो. असला उंदीर पकडायला घुबडाला, शिकऱ्याला काय कष्ट? विष त्यांच्या यकृतात साठत जातं. न्यूयॉर्कमध्ये 'फ्लॅको' नावाचं घुबड प्राणिसंग्रहालयातून सुटून वर्षभर शहरात राहिलं. 2024 मध्ये ते मेलं तेव्हा त्याच्या अंगात हेच विष निघालं, सोबत कबुतरांकडून आलेला रोगही. कॅलिफोर्नियानं 2020 मध्येच कायदा करून या जहाल वड्यांवर कडक बंधनं घातली होती. आपल्याकडं 2006 मध्ये गुरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद झालं, पण तोवर गिधाडं जवळजवळ संपली होती. ते औषधही गाईला बरं करायलाच दिलं जाई, बरं का.

एक गोष्ट आपल्या समाजाबद्दल. दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारातलं पक्ष्यांचं रुग्णालय 1929 पासूनचं, आपल्या सगळ्यांचा अभिमान. पण तिथं दाखल करून घेतात ते दाणे खाणाऱ्यांना, मांसाहारी पक्ष्यांना नाही. जखमी घारीला तिथं जागा न मिळाल्यामुळंच नदीम आणि सौद हे दोन भाऊ घरीच घारींवर उपचार करू लागले, त्यांच्यावर 'ऑल दॅट ब्रीद्स' हा चित्रपट निघाला. नियमामागचा विचार मला कळतो. पण घार उंदीर खाते हा तिचा स्वभाव, त्या उंदरात विष भरणं ही माझी करणी. यात दोषी कोण, हे सांगायला मुनिमहाराज लागत नाहीत.

आता आमच्याकडं धान्य पत्र्याच्या डब्यांत असतं, माळ्याची भोकं सिमेंटनं बुजवलीत, रात्री पिंजरा लावते. सकाळी हे पिंजरा घेऊन बाहेर पडले की शेजारच्या काकू हसतात. उरलेल्या वड्यांची पुडी तेवढी कपाटात कुलपात पडून आहे. नालीत टाकता येत नाही, कचऱ्यात टाकवत नाही.