तुळशीची माळ : वारकरी परंपरेतील व्रत आणि समतेचा प्रश्न

प्रस्तावना :
कार्तिकी यात्रेसाठी कोल्हापूर-सांगली भागातील अनेक दिंड्या सांगोल्यावरून पंढरपूरकडे जातात. या वारकऱ्यांची पहिली ओळख म्हणजे गळ्यातील तुळशीची माळ. हिंदू परंपरेत माळेचा विचार प्रामुख्याने जपाचे साधन म्हणून झाला आहे. प्रस्तुत लेखात वारकरी माळेचे आध्यात्मिक स्वरूप आणि तिच्यात अभिप्रेत असलेल्या समतेची ऐतिहासिक मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

जपमाळ आणि गळ्यातील माळ :
जपमाळेत सामान्यतः १०८ मणी आणि एक मेरुमणी असतो. मेरुमणी न ओलांडता तेथून माळ उलट फिरविली जाते. पुष्कळ साधक ती गोमुखीत झाकून ठेवतात. म्हणजे जपमाळ ही एकांतसाधनेची वस्तू होय. वारकऱ्याची माळ मात्र उघडपणे गळ्यात असते आणि तिचे मुख्य कार्य मोजणे हे नाही. ‘रामकृष्णहरी’ हा त्याचा मंत्रही गुप्त नाही. तो सर्वांदेखत उच्चारला जातो. सांगोल्याशेजारील मंगळवेढ्याशी महात्मा बसवेश्वरांचे नाव जोडलेले आहे. त्यांच्या लिंगायत परंपरेतही इष्टलिंग अंगावर धारण केले जाते आणि अष्टावरणांत रुद्राक्षाचा समावेश होतो. श्रद्धेची खूण देहावर वागविण्याची ही रीत या परिसरातील दोन्ही परंपरांत आढळते.

माळ : एक व्रत :
वारकरी संप्रदायात ‘माळ घालणे’ म्हणजे दीक्षा घेणे. फडप्रमुख किंवा अधिकारी वारकऱ्याच्या हस्ते माळ घातली जाते. मद्य-मांस वर्ज्य करणे, एकादशी पाळणे, नित्य हरिपाठ म्हणणे आणि पंढरीची वारी करणे ही बंधने त्यासोबत येतात. त्यामुळे ‘माळकरी’ या शब्दातून सदाचरणी मनुष्य असा अर्थ ग्रामीण समाजात रूढ झाला. येथे संन्यास अपेक्षित नाही. शेती व संसार सांभाळूनच हे व्रत पाळावयाचे असते. माळेचे आध्यात्मिक महत्त्व अशा रीतीने मण्यांच्या संख्येत नसून दैनंदिन आचरणात आहे.

समतेची मर्यादा :
माळेला जातीचे बंधन नव्हते; मंदिराच्या दाराला मात्र ते होते. मंगळवेढ्याचे संत चोखामेळा यांची समाधी विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. त्यांचे निधन १३३८ मध्ये झाले असे मानले जाते. त्यानंतर सहाशे वर्षे उलटूनही अस्पृश्य मानलेल्या माळकऱ्यांना विठ्ठलाचे दर्शन बाहेरूनच घ्यावे लागत होते. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले आणि १० मे रोजी मंदिरप्रवेशाचा मार्ग मोकळा झाल्यावर ते सोडले. पुढे इरावती कर्वे यांनीही ‘वाटचाल’ या लेखात एकाच वारीतील जातवार वेगळ्या पंगतींची नोंद केली. वारकरी परस्परांच्या पाया पडतात, ही समतेची खूण खरी असली तरी पंगतीपर्यंत ती पोहोचली नव्हती.

निष्कर्ष :
वारकरी माळ हे जपाच्या साधनापेक्षा आचरणाचे व्रत आहे. या व्रताने व्यक्तीच्या वर्तनाला शिस्त लावली; परंतु सामाजिक व्यवस्था त्याने आपोआप बदलली नाही. त्यासाठी १९४७ सारखा प्रत्यक्ष संघर्ष करावा लागला. म्हणून माळेच्या पावित्र्याचा अभ्यास करताना तिच्या मण्यांइतकेच ती धारण करणाऱ्यांना मिळालेल्या वागणुकीकडेही पाहणे आवश्यक ठरते.