अतिवाहक फितीची नाजूक प्रकृति

१९११ सालीं हॉलंडमधील लायडेन येथें कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेंत पारा शून्याखालीं सुमारें २६९ अंश सेंटिग्रेडपर्यंत थंड केला असतां, विद्युत्प्रवाहास होणारा त्याचा विरोध एकाएकीं नाहींसा झाला. हीच अतिवाहकता. हिच्या बळावर प्रबळ चुंबक उभारण्याचें स्वप्न ओनेस यांनीं लागलीच पाहिलें. परंतु अल्पशा चुंबकक्षेत्रानेंच पारा, शिसें इत्यादि धातूंचा तो गुण मावळे.

पुढें १९८६ सालीं झुरिकजवळील आय्. बी. एम्.च्या प्रयोगशाळेंत बेड्नोर्झ व म्युलर यांना हा गुण तांब्याच्या एका मिश्र ऑक्साइडांत आढळला. १९८७ सालीं यिट्रियम, बेरियम व तांबें यांचें ऑक्साइड द्रव नायट्रोजनच्या, म्हणजे उणें १९६ अंशांच्या थंडींतही अतिवाहक राहतें असें दिसून आलें, आणि शास्त्रज्ञांच्या आनंदास पारावार उरला नाहीं. मात्र हा पदार्थ चिनी मातीच्या जातीचा. कपबशीची तार कोण ओढणार?

यावर तोड निघाली ती अशी : निकेलच्या चिवट मिश्रधातूची पातळ फीत घ्यावयाची आणि तीवर मिलिमीटरच्या जेमतेम हजाराव्या भागाइतका अतिवाहकाचा थर चढवावयाचा. जाड वस्तु वाकविली म्हणजे तिचा पृष्ठभाग फार ताणला जातो, पातळ वस्तूचा थोडा. म्हणून ही फीत गुंडाळतां येते. तरीही मर्यादा आहेच. मीटरभर फीत दोनतीन मिलिमीटर ताणली तर प्रवाह किंचित् घटतो, आणि ताण सोडतांच पूर्ववत् होतो. साधारणतः पांचसहा मिलिमीटरांपलीकडे मात्र थरास सूक्ष्म तडे जातात. ते पुन्हा सांधत नाहींत.

लांबीच्या दिशेनें बळकट असलेली ही फीत थर सोलून निघण्याच्या बाबतींत फारच दुबळी. २०१० च्या सुमारास जपानी संशोधकांना याचा प्रत्यय आला. इपॉक्सी राळेनें जखडलेलें वेटोळें थंड केल्यावर राळ फितीहून अधिक आकसली व तिनें थरच उपटून काढले. राळेऐवजीं मेणबत्तीचें मेण वापरतांच ही पीडा टळली, कारण मेण दुबळें असल्यामुळें स्वतःच तडकतें!

२०१९ सालीं अमेरिकेंतील टॅलाहासी येथील चुंबकानें ४५.५ टेस्लांचा उच्चांक गांठल्याचें प्रसिद्ध झालें. त्यांत अतिवाहक वेटोळ्याचा वाटा १४.४ टेस्लांचा; उरलेला भार बाहेरील साध्या विद्युच्चुंबकाचा. प्रयोगानंतर वेटोळें उलगडून पाहिलें, तेव्हां फितीच्या कडा दुखावलेल्या आढळल्या. रुंद पट्टा चिरून अरुंद फिती काढतात. त्या चिरलेल्या कडेवरील बारीक चिरांतूनच तडे पसरले होते. जेथें ती कड चुंबकाच्या मध्याकडे होती, तेथील फिती बहुतांशीं शाबूत निघाल्या.