जमिनीखालच्या वाहिन्यांवरील पहारा आणि सूत्रधारी कंपन्या

जलवाहिन्या, मलवाहिन्या, महामार्ग आणि बोगदे यांच्या स्थितीवर लक्ष ठेवणारी उपकरणे बनविणे हा दीर्घकाळ लहान कंपन्यांचा व्यवसाय होता. गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत अशा अनेक कंपन्या शेअर बाजारात नोंदणी झालेल्या मोठ्या समूहांनी विकत घेतल्या. ब्रिटनमधील हाल्मा आणि अमेरिकेतील झायलेम ही या व्यवहारांची दोन ठळक उदाहरणे होत. खरेदी दोघांनीही केली. मात्र खरेदीनंतर कंपनीचे काय करावे, याबाबत दोघांचे मार्ग वेगळे आहेत. जमिनीखालील वाहिनी अनेक दशके वापरात राहते आणि तिच्यावरील देखरेखही तितकाच काळ चालावी लागते. त्यामुळे हा फरक केवळ भागधारकांच्या हिताचा विषय राहत नाही.

सूत्रधारी कंपनी हा शब्द महाराष्ट्रातील वाचकांना राज्य वीज मंडळाच्या २००५ मधील विभाजनापासून परिचित आहे. अशी कंपनी सामान्यतः स्वतः उत्पादन करीत नाही. उत्पादन करणाऱ्या कंपन्यांचे भागभांडवल तिच्याकडे असते. हाल्मा समूह मुख्यतः याच पद्धतीने चालतो.

या समूहाचा प्रारंभ श्रीलंकेतील, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमधील, चहाच्या मळ्यात झाला. १८९४ मध्ये नाहाल्मा टी इस्टेट कंपनी या नावाने तिची स्थापना झाली. १९३७ मध्ये कंपनी रबराच्या लागवडीकडे वळली. पुढे मळ्यांचा व्यवसाय संपुष्टात आल्यावर १९५६ मध्ये तिने हाल्मा इन्व्हेस्टमेंट्स हे नाव धारण केले. मळा गेला, त्याच्या नावाचा तुकडा मात्र टिकला. १९७२ मध्ये लंडन शेअर बाजारात नोंदणी झाली आणि २०१७ च्या डिसेंबरमध्ये कंपनीचा समावेश त्या बाजारातील शंभर प्रमुख कंपन्यांच्या निर्देशांकात झाला.

सुरक्षा, पर्यावरण व आरोग्य या क्षेत्रांतील विशिष्ट गरजेसाठी उपकरणे बनविणाऱ्या, नफ्यात असलेल्या लहान व मध्यम कंपन्या हाल्मा निवडते. विकत घेतलेल्या कंपनीचे नाव, व्यवस्थापन आणि संचालक मंडळ सहसा कायम ठेवले जाते. भांडवल आणि उद्दिष्टे मुख्यालयाकडून येतात; कोणते उपकरण बनवावे, हे ती कंपनीच ठरवते. मलवाहिन्यांच्या आत कॅमेरा पाठवून पाहणी करणारी यंत्रे बनविणारी मिनिकॅम २०१७ मध्ये, तर रस्त्यावर व बोगद्यात अचानक थांबलेले वाहन रडारद्वारे हेरणारी नॅव्हटेक रडार २०१८ मध्ये समूहात आली. वेल्समधील एचडब्ल्यूएम ही जलवाहिन्यांच्या गळतीचा शोध घेणारी उपकरणे बनविणारी कंपनीही याच समूहातील आहे.

गळती शोधण्याचे तत्त्व साधे आहे. दाबाखालील पाणी छिद्रातून बाहेर पडताना आवाज होतो आणि तो वाहिनीच्या भिंतीतून दूरवर जातो. वाहिनीवरील झडपेला चुंबकाने चिकटविलेले उपकरण उत्तररात्री, म्हणजे पाण्याचा वापर व रहदारी सर्वांत कमी असताना, तो आवाज नोंदविते. नळ बंद झाला की त्याचा आवाज थांबतो. गळतीचा थांबत नाही. दोन उपकरणांना एकच आवाज किती अंतराने ऐकू आला, यावरून जागा काढता येते. समजा, दोन उपकरणांत २०० मीटर अंतर आहे, लोखंडी वाहिनीत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,२०० मीटर आहे आणि आवाज पोहोचण्यात ०.०५ सेकंदांचा फरक पडला. याचा अर्थ एका बाजूचे अंतर दुसऱ्या बाजूपेक्षा ६० मीटरने अधिक आहे. गळती जवळच्या उपकरणापासून ७० मीटरवर असली पाहिजे. सारा रस्ता खणण्याची गरज त्यामुळे उरत नाही. प्लास्टिकच्या वाहिनीत मात्र आवाज लवकर विरतो आणि हे काम बरेच अवघड होते.

झायलेम ही कंपनी २०११ मध्ये आयटीटी या उद्योगसमूहातून वेगळी झाली. पंप हा तिचा मुख्य व्यवसाय. तिने २०१६ मध्ये सिंगापूरची विसेंटी आणि जलमापक बनविणारी सेन्सस या कंपन्या घेतल्या. सेन्ससची किंमत सुमारे १७० कोटी डॉलर होती. २०१८ च्या आरंभी कॅनडातील कॅलगरी येथील प्युअर टेक्नॉलॉजीज तिच्याकडे आली. हाल्माच्या उलट, या सर्वांची माहिती एका प्रणालीत आणून ती पाणीपुरवठा संस्थांना सेवा म्हणून देण्यावर झायलेमचा भर आहे. माहिती एकत्रित करणाऱ्या स्पेनमधील इद्रिका या कंपनीत तिने २०२४ मध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला, तोही याच हेतूने.

प्युअरचे तंत्रज्ञान कशासाठी लागते, हे अमेरिकेच्या राजधानीलगतच्या मेरीलँड राज्यात दिसून आले. २३ डिसेंबर २००८ रोजी बेथेस्डा येथे ६६ इंच व्यासाची जलवाहिनी फुटली. रस्त्याला नदीचे रूप आले आणि अडकलेल्या वाहनचालकांना हेलिकॉप्टर व नौकांच्या साहाय्याने बाहेर काढावे लागले. ही वाहिनी पूर्वप्रतिबलित काँक्रीटची होती. अशा वाहिनीला पोलादी तारेचे घट्ट वेढे असतात. तार गंजली की ते एकेक करून तुटतात आणि पुरेसे वेढे तुटले की वाहिनी फुटते. वाहिनीत टाकलेली प्रकाशतंतूंची केबल प्रत्येक वेढा तुटल्याचा आवाज टिपते. तेथील पाणीपुरवठा संस्थेने ही व्यवस्था पुढे मोठ्या प्रमाणावर बसविली. जुलै २०१३ मध्ये ५४ इंची वाहिनीतील वेढे तुटत असल्याचा इशारा मिळाला. एक लाखाहून अधिक लोकांचा पुरवठा काही दिवस बंद राहील, असे जाहीर झाले होते. परंतु कर्मचाऱ्यांनी एक जुनी, अडकलेली झडप चालू केली, पाणी दुसऱ्या मार्गाने वळविले आणि वाहिनी फुटण्यापूर्वीच दुरुस्तीसाठी रिकामी करण्यात आली. श्रेय केबलचे जितके, तितकेच त्या झडपेशी झगडणाऱ्या हातांचेही.

अशा व्यवस्थेत उपकरणापेक्षा नोंदींचे मोल अधिक असते. आज तीन वेढे तुटले, हे कळून पुरेसे नाही. यापूर्वी किती तुटले, तेही माहीत असावे लागते. एकत्रित प्रणालीत सर्व नोंदी एकाच ठिकाणी अभ्यासता येतात, मात्र ग्राहक संस्था एका पुरवठादाराशी बांधली जाते. स्वतंत्र कंपन्यांच्या रचनेत ज्या अभियंत्यांनी उपकरण घडविले त्यांच्याशीच व्यवहार राहतो, परंतु वेगवेगळ्या उपकरणांच्या नोंदी जुळविण्याचा भार ग्राहकावर पडतो. शिवाय सूत्रधारी कंपनी विकत घेते, तशी विकतेही. चोरीचा इशारा देणारी उपकरणे बनविणारी टेक्सेकॉम ही कंपनी हाल्माने २०२१ मध्ये विकून टाकली. हे लक्षात घेता जुन्या नोंदींची मालकी कोणाकडे राहील आणि कंपनी दुसऱ्याकडे गेल्यास त्या कोणत्या स्वरूपात परत मिळतील, ही दोन कलमे पाणीपुरवठा संस्थेच्या करारात उपकरणाच्या किमतीइतकीच महत्त्वाची ठरतात.