एकच पोर्ट, दोन वह्या

समजा, आमच्या कळंबकडच्या एखाद्या फार्महाऊसचा शनिवार मालकाने वहीत एका पार्टीला दिला, आणि मुंबईच्या एजंटाने त्याच्या वहीत तोच दुसऱ्या पार्टीला. दोन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर. भांडण होणार ते गेटवर!

माझ्या संशोधनातला प्रश्न असाच आहे. कॉम्प्युटरचा आयपी पत्ता एक, त्यावर प्रोग्राम अनेक. आलेला डेटा कुणाचा, हे पोर्ट नंबरवरून कळतं. हे नंबर 0 ते 65535. त्यांची वही ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलकडे असते. घेतलेला पोर्ट दुसऱ्याने मागितला की कर्नल सरळ एरर देतो.

2000 नंतर नेटवर्क 10 गिगाबिटकडे निघालं आणि टीसीपीचं काम करतानाच प्रोसेसर दमायला लागला. मग ते काम नेटवर्क कार्डावरच्या चिपकडे द्यायची कल्पना पुढे आली. लिनक्सच्या नेटवर्क विभागाचे प्रमुख डेव्हिड मिलर यांचा याला ठाम विरोध होता. कार्डातलं टीसीपी कर्नलच्या फायरवॉलला दिसत नाही, आणि त्यातला बग कर्नलवाल्यांना दुरुस्त करता येत नाही. तरीही आयवॉर्प कार्डं आरडीएमए विभागातून लिनक्समध्ये आली. ही कार्डं टीसीपीवरून आलेला डेटा थेट प्रोग्रामच्या मेमरीत ठेवतात.

इथे वह्या दोन झाल्या. तोच पोर्ट कर्नलने तुमच्या सर्व्हरला दिलाय आणि कार्डानेही कुणाला तरी दिलाय, तर येणारं कनेक्शन आधी कार्ड पकडतं. तुमचा सर्व्हर नुसता वाट बघतो. एरर कुठेच दिसत नाही.

ऑगस्ट 2007 मध्ये स्टीव्ह वाइज यांनी पॅच पाठवला: कार्डासाठीचे पोर्टही कर्नलच्या वहीतूनच घ्या. मिलर यांनी तो नाकारला. मग कार्डाला वेगळा आयपी पत्ता द्यायचा पर्याय पुढे आला. पण तो पत्ता फक्त कार्डासाठीच राखायचा, ही जबाबदारी मशीन सांभाळणाऱ्यावर पडते.

2014 मध्ये लिनक्स 3.16 सोबत 'पोर्ट मॅपर' आला. कर्नलबाहेर चालणारी ही सेवा साध्या प्रोग्रामसारखा कर्नलकडे रिकामा पोर्ट मागते, तो अडवून ठेवते आणि कार्डाला वापरायला देते. पलीकडच्या मशीनवरची तशीच सेवा तिला विचारून खरा पोर्ट कोणता ते जाणून घेते. म्हणजे नोंद शेवटी कर्नलच्याच वहीत झाली, फक्त मागच्या दाराने.

आज नेटवर्क कार्डांकडे आणखी कामं जातायत. तुमचा सर्व्हर चालू दिसतोय, पण कनेक्शन पोचतच नाही, असं झालं तर कार्ड काय काय परस्पर हाताळतंय, तेही एकदा तपासा.