कर्जमाफीचा वाद नवा नाही : १८७९ च्या कायद्यापासून २०२५ च्या घोषणेपर्यंत

माण (ता. मुळशी) : मार्च जवळ आला की विकास सोसायटीच्या दारात एकच विषय निघतो. कर्ज भरायचं की माफीची वाट बघायची? एक जण म्हणतो, भरलं तर पस्तावशील. दुसरा म्हणतो, नाही भरलं तर शून्य टक्के व्याजही जाईल आणि पुढचं कर्जही. दोघांचंही काही अंशी बरोबर आहे. म्हणून कर्जमाफी कशी ठरते, कोणाला मिळते, कोण सुटतं आणि विधिमंडळात त्यावर भांडण कशाचं चालतं, याची ही एकत्र माहिती.

सुरुवात पुणे जिल्ह्यातच

शेतकऱ्याच्या कर्जावर सरकारने पहिला मोठा कायदा केला तो आपल्याच भागासाठी. १२ मे १८७५ रोजी सुपे गावात, जे आज बारामती तालुक्यात आहे, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल करून कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यातल्या अनेक गावांत गेलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव युद्ध संपताच कोसळला होता, आणि सावकाराने उधारी आखडली होती. वर सारा वाढवलेला.

त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने भर घातली. साध्या रोख्यावर तीन वर्षांच्या आतच दावा करता येई. हेतू शेतकऱ्याला वाचवण्याचा होता. पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. आज सोसायटीत ज्याला ‘नवं-जुनं’ म्हणतात, तोच प्रकार.

सरकारने चौकशी आयोग नेमला. मग दुष्काळ पडला, आणि १८७९ मध्ये थिओडोर होप यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात विधेयक आणलं. तोच दक्खन शेतकरी साहाय्य कायदा, १८७९ चा १७ वा. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. मुळशी तेव्हा पेटा होता, तोही त्यात आला.

कायद्यातल्या मुख्य गोष्टी अशा :

- कोर्टाने नुसता रोखा न बघता व्यवहाराचा मुळापासून हिशेब करायचा, व्याजावर व्याज धरायचं नाही.
- कर्जापायी शेतकऱ्याला अटक किंवा कैद नाही.
- खास तारण दिलेली नसेल तर जमीन जप्त नाही.
- दाव्याआधी तडजोडीसाठी समेट घडवणारे लोक, आणि रोखे गावच्या निबंधकासमोर.
- पैसे भरले की पावती देणं सावकाराला बंधनकारक.

तेव्हाचा वाद

आयोगाचा आणि सरकारचा रोख सावकार आणि कोर्ट यांच्यावर होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेचं आणि न्या. महादेव गोविंद रानडे यांचं म्हणणं वेगळं होतं. साऱ्याची ठरावीक रक्कम पीक येवो न येवो भरावीच लागते, ती भरायला शेतकरी सावकाराकडे जातो. सारा तसाच ठेवून आणि दुसरं कर्ज देणारं कोणी उभं न करता सावकाराचे हात बांधले तर शेतकरी जाणार कुठे, हा त्यांचा प्रश्न. पुढे रानड्यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून कामही केलं.

झालंही काहीसं तसंच. अनेक सावकार गहाणखताऐवजी थेट खरेदीखत मागू लागले. विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली, ती लंडनहून नामंजूर झाली. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ साल उजाडलं.

मधे ऑगस्ट १९०१ मध्ये मुंबई कायदेमंडळात जमीन महसूल दुरुस्ती विधेयकावर मोठा खटका उडाला. सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, पण विकायचा-गहाण ठेवायचा हक्क न देता, असा सरकारचा विचार. सावकारापासून जमीन वाचेल, असं सरकार म्हणे. विरोधक म्हणत, हक्कच गेला तर तो मालक कसला, आणि त्याला कर्ज देणार कोण? फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि सहकाऱ्यांनी सभात्याग केला. विधेयक मंजूर झालंच.

सावकाराकडून बँकेकडे

स्वातंत्र्याच्या आगेमागे १९३९ आणि १९४७ चे मुंबई शेतकरी कर्ज निवारणाचे कायदे आले. १९७५ मध्ये, आणीबाणीच्या काळात, राज्याने वटहुकूम काढून आणि मग कायदा करून छोटे शेतकरी, शेतमजूर आणि ग्रामीण कारागीर यांची खासगी सावकारांची देणी रद्द केली. सावकार सुप्रीम कोर्टात गेले, १९७७ मध्ये हरले. बँक आणि सोसायटीचं कर्ज मात्र या कायद्याच्या बाहेर होतं.

आता उलटं आहे. हल्लीची माफी बँक आणि सोसायटीच्या पीककर्जाला मिळते, हातउसने किंवा सावकाराकडून घेतलेल्याला नाही. त्यासाठी २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. बेकायदा सावकारीत जमीन गेली असेल तर त्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते.

तीन माफ्या, तीन वेगळे नियम

२००८ (केंद्र) : अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी २९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात जाहीर केली. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी, त्यावरच्याला एकरकमी भरल्यास २५ टक्के सूट. विदर्भातला कोरडवाहू शेतकरी पाच एकरांच्या अटीत अडकला म्हणून मोठी ओरड झाली. २०१३ मध्ये कॅगने तपासलेल्या खात्यांपैकी पाचातल्या एकाहून जास्त खात्यांत चुका निघाल्या.

२०१७ (राज्य) : मार्चमध्ये माफीसाठी गोंधळ घातल्याबद्दल विरोधी पक्षांचे १९ आमदार निलंबित झाले. १ जूनला पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला. २४ जूनला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३४,०२२ कोटींची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. मर्यादा कुटुंबाला दीड लाख. नियमित भरणाऱ्याला २५ टक्के, जास्तीत जास्त २५ हजार. अर्ज ऑनलाइन, त्यामुळे महिनोन्‌महिने याद्यांचा घोळ.

२०१९ (राज्य) : २१ डिसेंबरला नागपूर अधिवेशनात मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर केली. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ मध्ये घेतलेलं आणि ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेलं दोन लाखांपर्यंतचं पीककर्ज. अर्ज नाही, फक्त आधार प्रमाणीकरण. पण खात्यावर व्याजासह दोन लाखांच्या वर गेलेला थेट बाहेर. नियमित भरणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन सांगितलं, ते प्रत्यक्षात २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर मिळू लागलं.

२०१७ ला सरसकट माफी मागणारे विरोधक २०१९ ला सत्तेत होते. आणि २०१७ ला अटी घालणारे २०१९ ला विरोधी बाकांवरून ‘सातबारा कोरा करा’ म्हणत सभागृहाबाहेर पडले. बाकं बदलली की भाषणंही बदलतात.

२०२४-२५ चा अध्याय

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत महायुतीच्या जाहीरनाम्यात कर्जमाफी होती. मार्च २०२५ च्या अखेरीस तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी बारामतीत सांगितलं, ३१ मार्चपर्यंत पीककर्ज भरा, सध्या माफीसारखी स्थिती नाही. जूनमध्ये बच्चू कडू गुरुकुंज मोझरीत उपोषणाला बसले.

सप्टेंबरच्या अतिवृष्टीनंतर ७ ऑक्टोबर २०२५ ला सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. इथे अनेकांचा गोंधळ होतो. हे पॅकेज पीक, जमीन, जनावरं, घरं यांच्या नुकसानीसाठी, कर्जमाफी नव्हे. विरोधकांनी हेक्टरी ५० हजार आणि कर्जमाफी अशी मागणी लावून धरली. ऑक्टोबरअखेर कडू यांच्या आंदोलनाने नागपुरात महामार्ग रोखला. ३० ऑक्टोबरच्या मुंबईतल्या बैठकीनंतर मुख्यमंत्र्यांनी ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं जाहीर केलं, आणि त्याआधी प्रवीण परदेशी यांच्या समितीने अहवाल द्यायचा असं ठरलं.

वादातल्या दोन बाजू

विरोधात बोलणारे सांगतात, माफीने परतफेडीची सवय मोडते. २०१७ मध्ये स्टेट बँकेच्या तेव्हाच्या अध्यक्षा अरुंधती भट्टाचार्य आणि रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी हेच सांगितलं होतं. शिवाय तोच पैसा पाणी, गोदाम, रस्त्यावर लागला असता.

बाजूने बोलणारे विचारतात, भाव पडतात, निर्यातबंदी होते, पाऊस बुडवतो, यातलं शेतकऱ्याच्या हातात काय आहे? उद्योगांची बुडीत कर्जं बँका निर्लेखित करतात तेव्हा सवयीची चर्चा होत नाही. यावर बँकांचं उत्तर असं की निर्लेखित म्हणजे माफ नव्हे, वसुली चालूच राहते. पण प्रत्यक्ष वसुली किती होते हा प्रश्न उरतोच.

तिसरी बाजू सभागृहात फारशी ऐकू येत नाही. ती नियमित भरणाऱ्याची. गावात बरेच जण मार्चअखेर आठ दिवसांसाठी हातउसने घेऊन, नाहीतर घरातलं सोनं ठेवून नवं-जुनं करतात. कागदावर ते नियमित, प्रत्यक्षात कर्जातच. थकीत नाहीत म्हणून माफीत बसत नाहीत.

मुळशीकरांनी काय लक्षात ठेवावं

घोषणा म्हणजे माफी नव्हे. तीन टप्पे असतात. सभागृहात घोषणा, मग पुरवणी मागण्या किंवा अर्थसंकल्पातून पैसा (२०१७ ला पुरवणी मागण्यांत २० हजार कोटी ठेवले होते), आणि शेवटी शासन निर्णय. कोण पात्र, हे शासन निर्णयच सांगतो. त्यात आधी बघायच्या त्या दोन तारखा, कर्ज कधी घेतलेलं आणि कोणत्या दिवशी थकीत. मागच्या दोन्ही योजनांत थकीत असण्याची तारीख घोषणेच्या आधीची होती. म्हणजे घोषणा ऐकून भरणं थांबवणारा त्यात बसलाच नसता.

मुदतीत भरलं तर केंद्र आणि राज्याच्या सवलती मिळून तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला शून्य टक्के व्याज पडतं. मुदत गेली की ही सवलत जाते. सभासद थकले की सोसायटी अनिष्ट तफावतीत जाते, मग भरणाऱ्यालाही नवं कर्ज मिळायला अडचण येते.

माणसाठी आणखी एक मुद्दा. आयटी पार्कचा तिसरा टप्पा गावाच्या हद्दीत आहे, त्यामुळे भातशेतीसोबत खोल्यांचं भाडं किंवा घरात कोणाची नोकरी ही साधी गोष्ट. २०१९ च्या योजनेत शेतीबाह्य उत्पन्नावर प्राप्तिकर भरणारे, आणि महिना २५ हजारांवर पगार घेणारे सरकारी कर्मचारी (चतुर्थ श्रेणी सोडून) अपात्र होते. नुसतं विवरणपत्र भरणं आणि कर भरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. शासन निर्णयात नेमका शब्द कोणता आहे, आणि अट कुटुंबाला आहे की खातेदाराला, ते वाचूनच ठरवावं. आधार, बँक खातं आणि सोसायटीतलं नाव एकसारखं आहे का, हे मात्र आताच सचिवांकडून बघून घ्यावं. मागच्या वेळी याच कारणावरून खाती अडकली होती.