आजऱ्यात आलेला व्हिडिओ गेम आणि आजचा टीव्ही



वर्गातल्या खोड्या, रामतीर्थाची सहल आणि सरांच्या छड्या यांवर या स्मरणिकेत बरेच जण लिहितील. मी आपल्या पिढीच्या घरात शिरलेल्या एका यंत्राचा इतिहास लिहिते. आपण त्याला नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो. गौरी-गणपतीला किंवा मे महिन्यात मुंबईकर काका-मामा गावी यायचे, तेव्हा त्यांच्या सामानात कधीतरी तो असायचा. लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केट ही नावं आपल्याला मुंबई पाहण्याआधीच पाठ झाली, ती अशा वस्तूंमुळे.

या यंत्राचं मूळ जपानमध्ये आहे. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ बाजारात आणला. मासायुकी उएमुरा हे त्याचे मुख्य रचनाकार. किंमत १४,८०० येन. आत कामापुरती मेमरी फक्त २ किलोबाइट. १९८५ साली आलेला मूळ मारिओ सगळा मिळून ४० किलोबाइटचा. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट मोठा असतो.

आपल्याकडे आलेली यंत्रं मात्र बहुतेक नकला होत्या. तैवानच्या यूएमसी कंपनीने या यंत्राच्या चिपांसारख्या चिपा बनवल्या आणि त्यांवर वेगवेगळ्या नावांचे खोके निघाले. रशियात ‘डेंडी’, आपल्याकडे ‘लिटल मास्टर’ वगैरे. खोका कोणताही असो, कॅसेट तीच साठ पिनांची. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये खरे गेम किती, हे मोजायला आपल्याला फार हुशारी लागली नाही.

नकला आल्या म्हणूनच आपण खेळू शकलो, याचं कारण तांत्रिक आहे. भारतात १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झालं ते ‘पाल’ पद्धतीने: ६२५ रेषा आणि सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवणं. जपानची पद्धत ‘एनटीएससी’: ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ६० वेळा. शिवाय अस्सल जपानी यंत्र अँटेनाच्या वायरीतून चित्र पाठवतं ते ९१ किंवा ९७ मेगाहर्ट्झच्या आसपास. आपल्याकडे तिथे एफएम रेडिओ वाजतो. आपल्या जुन्या टीव्हीत त्या जागी चॅनेलच नव्हतं. आवाजाची लहरही जपानमध्ये चित्रापासून साडेचार मेगाहर्ट्झवर आणि आपल्याकडे साडेपाचवर. म्हणजे अस्सल यंत्र कुणी आणलं असतं, तरी ते आपल्या शटरच्या टीव्हीवर धड दिसलं नसतं. नक्कल करणाऱ्यांनी हे सगळं पालमध्ये बसवून दिलं.

त्याची किंमत वेगात मोजावी लागली. गेम लिहिले होते ६० च्या तालावर आणि आपली यंत्रं चालली ५० च्या तालावर. जपानी मुलगा जी फेरी ५० सेकंदांत संपवायचा, तिला आपल्याला ६० सेकंद लागायचे. संगीतही त्याच प्रमाणात संथ. आपल्या कानांत बसलेली मारिओची चाल म्हणजे खरं तर विलंबित लयीतली आहे.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवते, कारण इतिहासात ती गळून जाते. तासावर पैसे घेऊन गेम खेळू देणाऱ्या दुकानांत मुलगे जायचे. आम्ही मुली जात नव्हतो आणि कुणी जाऊही दिलं नसतं. आम्ही खेळलो ते घरात, भावंडांत, ‘आता तुझा एक लाइफ, मग माझा’ या बोलीवर, बातम्या लागेपर्यंत. कॉन्ट्रात तीस लाइफ मिळवायची बटणं आमच्यातही अनेकींना पाठ होती. पुढे मी इंजिनिअरिंगला गेले, तेव्हा पडद्यावर चित्र हलतं कसं हा प्रश्न माझ्यासाठी नवा नव्हता.

आता आजचं पाहू. तो खोका माळ्यावरून काढून नव्या सपाट टीव्हीला जोडला, तर चित्र थरथरतं, मारिओवर पट्टे उमटतात आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते. बिघाड बहुधा यंत्रात नसतो. दूरदर्शनचं चित्र अर्ध्या-अर्ध्या रेषांनी यायचं: आधी विषम रेषा, मग सम. गेमचं यंत्र मात्र दर वेळी त्याच रेषांवर पूर्ण चित्र काढतं. जुन्या पिक्चर ट्यूबला त्याचं काही नव्हतं. किरण येईल तशी ती रेषा उजळायची. नवा टीव्ही समजतो की ही दोन अर्धी चित्रं आहेत. तो ती साठवतो, जोडतो, मोठी करतो आणि मग दाखवतो. पट्टे आणि उशीर दोन्ही त्यातूनच येतात.

बदकांच्या गेमची गन तर नव्या टीव्हीवर चालतच नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. गनच्या नळीतल्या डोळ्याला त्याच क्षणी उजेड दिसला, तर नेम लागला. सपाट टीव्ही तो चौकोन उशिरा दाखवतो, तोवर यंत्राने बघणं थांबवलेलं असतं.

यावर उपाय आहेत. यंत्राला पिवळी-पांढरी एव्ही पिन असेल तर ती वापरा, टीव्हीवर ‘गेम मोड’ लावा. फक्त अँटेनाची वायर असेल, तर आतल्या पत्र्याच्या डबीत, म्हणजे मॉड्युलेटरमध्ये, शिरण्याआधीच चित्राची तार बाहेर घेता येते. स्वस्तातला एचडीएमआय कन्व्हर्टर टीव्हीचीच चूक पुन्हा करतो. अमेरिकेत माइक ची यांनी बनवलेले ‘रेट्रोटिंक’सारखे डबे चित्र साठवत बसत नाहीत, प्रत्येक रेषा आल्या आल्या दुप्पट करून पुढे पाठवतात. परदेशातून अस्सल यंत्र आणलं असेल, तर आधी अ‍ॅडॉप्टर तपासा. जपानी अ‍ॅडॉप्टर १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर जळतो. जपानी यंत्राला १० व्होल्ट डीसी लागतं, तेही मधली पिन ऋण असलेलं. अमेरिकन यंत्राचा अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट एसी देतो. त्यांची अदलाबदल केली तर जपानी यंत्र कायमचं जाईल. आणि कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. चालायची ती कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरेतली वाफ पिना गंजवते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस पुरे.

पण या सगळ्याहून सोपा आणि खरा उपाय म्हणजे जुना डबा टीव्ही, आणि तोच संपत चालला आहे. पिक्चर ट्यूब आता बनत नाहीत. पेठेत बसून रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारी माणसं थकली, त्यांची मुलं मोबाइल दुरुस्तीकडे वळली. ट्यूबवरचा रंग नुसत्या नजरेने जुळवणारा हात कुठल्याही पुस्तकात उतरलेला नाही. तो गेला की गेला.

म्हणून एक विनंती. माळा साफ करताना चालू डबा टीव्ही, गेमचा खोका, कॅसेट किंवा गन सापडली, तर भंगारात देण्याआधी आपल्या ग्रुपवर कळवा. कुणी, कधी, कुठून आणलं, कोण खेळायचं हे चिठ्ठीवर लिहून खोक्याला चिकटवा. शाळेच्या प्रयोगशाळेत असा एक चालू संच ठेवता आला तर मला फार आवडेल. मांडणी आणि वायरिंग माझ्याकडे लागलं. मात्र ट्यूबचं मागचं झाकण जाणकाराशिवाय कुणी उघडू नये, बंद टीव्हीतही हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. चुंबक जवळ नेला की किरण वाकतो आणि रंग बदलतात, हे आजच्या मुलांना सपाट पडद्यावर दाखवता येणार नाही. सर, डबा टीव्हीवर ते एका मिनिटात दिसेल. आणि त्या संचावर पहिली पाळी मुलींची असावी.