वसईच्या वाडीतील उपासना

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली आणि तेथील शेतकरी कुटुंबांत ख्रिस्तश्रद्धा रुजली. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकल्यावर पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले. श्रद्धा मात्र राहिली. एतद्देशीय धर्मगुरूंनी ती सांभाळली, तशीच ती शेतीच्या दिनक्रमानेही जपली.

सामवेदी आणि वाडवळ कुटुंबांचे वर्ष पावसावर बांधलेले असे. आषाढात भाताची लावणी. ऑक्टोबरच्या आरंभी ‘आगेरा’चा सण. त्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्या वेदीपुढे आशीर्वादासाठी येत. पुढे रहाटाच्या पाण्यावर पानवेली, केळी आणि भाजीपाल्याच्या वाड्या फुलत; राजेळी केळ्यांची सुकेळी उन्हात वाळे. तिन्हीसांजेला घरोघर रोझरी म्हटली जाई.

१९८० नंतर इमारती वाढल्या, विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लढा उभारला. तो केवळ पर्यावरणाचा नव्हता. आगेराची लोंबी बाजारातूनही आणता येईल; परंतु स्वतःच्या घामाचे पहिले फळ देवाला वाहणे हाच त्या सणाचा अर्थ आहे. जमीन गेली, तर धर्मग्रामाची ही प्रार्थनाच मुकी होईल.